उन्हाळ्यात कोंबड्यांची मरतूक: दुपारचे चार तास सांभाळा, शेड वाचेल

छत्रपती संभाजीनगर : मार्चअखेर ऊन तापायला लागले की जिल्ह्यातल्या पोल्ट्रीधारकांची झोप उडते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, ४२-४३ पर्यंतही पोहोचतो. अजिंठ्याच्या डोंगराखाली, खानदेशाच्या अंगाला असलेल्या सोयगावकडे तर त्याहून जास्त होरपळ होते. अशा दिवसांत सकाळी चांगल्या दिसणाऱ्या शेडमध्ये संध्याकाळपर्यंत पन्नास-शंभर पक्षी आडवे पडलेले सापडतात. मरतात तेही नेमके विक्रीला आलेले, दोन-सव्वादोन किलोचे. महिनाभराचे खाद्य त्यांच्या पोटात गेलेले असते, म्हणून नुकसान नुसते कोंबडीचे नसते, त्या खाद्याचेही असते.

कंपनीशी करार करून कोंबड्या पाळणाऱ्यांना हा फटका वेगळ्या वाटेने बसतो. पिल्लू आणि खाद्य कंपनीचे, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची, आणि पैसे किलोमागे. पक्षी मेले किंवा खाद्य खाऊनही वजन धरले नाही, की बॅचचा हिशोब बिघडतो आणि हातात येणारी रक्कम घटते. मरतूक दिसते तरी. उष्णतेने रोडावलेले वजन मात्र काट्यावर गेल्यावरच कळते.

कोंबडीला घाम येत नाही

माणसाला उकडले की घाम येतो, अंग गार होते. कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नसतात. तिच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असते आणि वरून पिसांची गोधडी. अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे दोनच मार्ग आहेत. तुरा, गलोल, पाय आणि पंखांखालची उघडी कातडी यांतून थोडी उष्णता हवेत जाते, म्हणून ती पंख फाकवून उभी राहते. पण बाहेरची हवाच तापली की हा मार्ग जवळपास बंद होतो. मग उरते धाप. चोच उघडी टाकून ती भराभर श्वास घेते, घशातली ओल वाफ होऊन जाते आणि त्या वाफेबरोबर उष्णता जाते.

साधारण १८ ते २४ अंशांत मोठी कोंबडी सुखात असते. तिशीच्या आसपास धाप सुरू होते. ३५ च्या पुढे भारी ब्रॉयलर धोक्यात येतो, आणि ३८-४० अंशांच्या शेडमध्ये हवा हलत नसेल तर तासाभरातही पक्षी जाऊ लागतात.

धाप लागण्याचा दुसरा तोटा लेअर पाळणाऱ्यांनी समजून घ्यायला हवा. भराभर श्वासाबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो आणि रक्ताचा समतोल बिघडतो. अंड्याचे कवच ज्या कॅल्शियम कार्बोनेटचे बनते, त्यासाठीचा काही कच्चा माल अशा रीतीने श्वासातूनच उडून जातो. त्यात कोंबडी खाद्यही कमी खाते. म्हणून मे महिन्यात अंडी लहान होतात, कवच पातळ पडते, ट्रेमध्ये भरतानाच तडकतात. ‘खाद्यात भेसळ आली’ अशी शंका घेण्याआधी शेडमधले थर्मामीटर पाहावे. ते नसेल तर शंभर-दोनशे रुपयांचे घ्यावे आणि पक्ष्यांच्या उंचीला टांगावे, छताला नाही.

पत्र्यापासून सुरुवात करा

आपल्याकडे बहुतेक शेड सिमेंटच्या किंवा लोखंडी पत्र्याच्या. दुपारी एकला हात लावला तर चटका बसतो. तो तापलेला पत्रा खाली आग ओकत असताना पंखे लावून काय होणार? म्हणून पहिला खर्च पत्र्यावर करावा.

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे चुना. चुना पाण्यात भिजवून ताकासारखा पातळ करायचा, चिकटून राहावा म्हणून त्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घालायचा आणि पत्र्याच्या वरच्या बाजूला दोन हात मारायचे. पांढऱ्या पत्र्यावरून ऊन परत फिरते आणि शेडमधला पारा काही अंशांनी उतरतो. काम सकाळी लवकर करावे, डोळ्यात चुना जाणार नाही याची काळजी घ्यावी आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये, फळी टाकून चालावे. दरवर्षी जिल्ह्यात कोणी ना कोणी पत्रा फुटून खाली पडतो.

चुन्यावर पाचटाचा थर टाकला तर आणखी चांगले. पैठण, गंगापूरच्या ऊसपट्ट्यात पाचट फुकट मिळते. सिल्लोड, फुलंब्री, कन्नडकडे कपाशीची पऱ्हाटी आणि तुरीच्या तुराट्या असतात. चार ते सहा इंचांचा थर दोरीने किंवा जाळीने बांधून टाकावा, नाही तर वावटळीत अर्धे पाचट शेजाऱ्याच्या वावरात जाते. एक धोका मात्र खरा आहे. वाळलेले पाचट आणि शेडवरून गेलेली उघडी वायर एकत्र आली की आग लागायला वेळ लागत नाही. वायरिंग आधी तपासून घ्यावे, बिडी-सिगारेटवाल्याला शेडजवळ उभे करू नये.

नवीन शेड बांधणाऱ्यांनी लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. त्यामुळे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लांब बाजूंनी आत घुसत नाही. रुंदी २५ ते ३० फुटांपेक्षा जास्त नको, नाही तर मधोमध हवाच पोहोचत नाही. बाजूची भिंत फूट-दीड फूट, वर जाळी, आणि पत्रा दोन्ही बाजूंना तीन-चार फूट बाहेर काढलेला. जमीन सोयीची पडते म्हणून उत्तर-दक्षिण बांधलेली शेड पुढे वीस वर्षे दर उन्हाळ्यात त्रास देते. अशी शेड आधीच असेल तर पश्चिमेच्या बाजूला शेडनेट बांधावे आणि काही फूट अंतर सोडून शेवगा, सुबाभूळ किंवा कडुनिंब लावावा. शेवगा लवकर वाढतो, शेंगाही मिळतात.

पाणी कुठे घालायचे, हा खरा प्रश्न

सल्ला देणारे म्हणतात, पत्र्यावर स्प्रिंकलर लावा, आत फॉगर लावा, गोणपाट भिजवा. सल्ला चुकीचा नाही. पण मे महिन्यात वैजापूर-गंगापूरच्या ज्या गावांत माणसांनाच टँकरचे पाणी मोजून मिळते, तिथे पत्र्यावर पाणी ओतायला कुठून आणायचे? अशा गावांत क्रम ठरवावा लागतो. आधी पिण्याचे पाणी, मग गोणपाट, मग फॉगर आणि सगळ्यात शेवटी पत्र्यावरचा स्प्रिंकलर. चुना आणि पाचट यांना रोज पाणी लागत नाही, म्हणून टँकरच्या गावात त्यांचे मोल दुप्पट.

पिण्याच्या पाण्याचा हिशोब असा. थंड दिवसांत कोंबडी जेवढे खाद्य खाते त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते. कडक उन्हात हे प्रमाण चौपट आणि त्याहून वर जाते. अंड्यावरची एक कोंबडी एरवी पाव लिटरच्या आसपास पिते, तिला उन्हाळ्यात अर्धा लिटर धरावा. चार-पाच आठवड्यांच्या हजार ब्रॉयलरला एरवी ३०० लिटर पुरते, त्यांना उन्हाच्या दिवसात ६०० ते ७०० लिटर लागू शकते. बॅच टाकण्यापूर्वीच हा हिशोब विहिरीशी किंवा बोअरशी घालून पाहावा. मेच्या मध्यात विक्रीला येणारी बॅच आणि मेच्या मध्यात आटणारी बोअर, अशी गाठ पडत असेल तर पिल्ले कमी टाकणे शहाणपणाचे.

पाणी किती आहे याइतकेच ते किती गार आहे हेही महत्त्वाचे. काळी टाकी उन्हात उभी, काळा पाइप उन्हात पसरलेला, आणि निपलमधून येते चहासारखे पाणी. कोंबडी चोच लावते आणि मागे फिरते. तहानलेली असूनही कोमट-गरम पाणी ती पोटभर पीत नाही. टाकी सावलीत घ्यावी, तिच्याभोवती ओले गोणपाट गुंडाळावे, पाइप फूटभर जमिनीत गाडावा किंवा त्यावर पाचट टाकावे. दुपारी दर तासाला पाइपच्या टोकाची चावी सोडून तापलेले पाणी बादलीत काढून घ्यावे. ते वाया घालवू नये, गोणपाट भिजवायला वापरावे. साधी भांडी वापरत असाल तर उन्हाळ्यात ती चतुर्थांशाने वाढवावीत आणि मातीची मिळाली तर उत्तमच. गावातल्या कुंभाराकडची पसरट थाळी प्लॅस्टिकपेक्षा पाणी जास्त गार ठेवते.

फॉगरबद्दल एक गोष्ट नीट कळायला हवी. आपला एप्रिल-मे कोरडा असतो, म्हणून पाण्याची बारीक फवार हवेत लगेच वाफ होते आणि हवा गार होते. कोकणात हाच फॉगर फारसा उपयोगी पडत नाही, कारण तिथली हवा आधीच दमट. आपल्याकडेही फॉगर सलग सोडून ठेवला आणि पंखा बंद असला तर शेडमध्ये दमटपणा साचतो. मग कोंबडीची धाप चालू राहते, पण घशातली ओल वाफ होत नाही. आधी ती भाजत होती, आता उकडते. म्हणून फॉगर दोन-तीन मिनिटे सोडावा, दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवावा आणि पंखा चालू असतानाच वापरावा. तूस ओले होत असेल तर नोझलची फवार जाड आहे असे समजावे.

गोणपाटाचे पडदे पश्चिमेला आणि दक्षिणेला लावावेत. पण सगळ्या बाजू वरपासून खालपर्यंत बंद करू नयेत. वर हात-दीड हात मोकळे ठेवले नाही तर आतली गरम हवा आणि विष्ठेचा अमोनिया आतच कोंडतो. लाइटचा भरवसा नसल्यामुळे पंख्यावरच सगळा भार टाकू नये. दुपारी दोनला लाइट गेली तर काय, याचे उत्तर आधी तयार असावे. इन्व्हर्टर परवडत नसेल तर पडदे वर घेण्याची दोरी एका हाताने ओढता येईल अशी बांधावी आणि भिजवायचे पाणी पिंपात भरून ठेवावे.

खाद्याची वेळ बदला

या उपायाला एक रुपयाही लागत नाही आणि नेमका तोच टाळला जातो. खाद्य पचताना अंगात उष्णता तयार होते आणि खाल्ल्यानंतर चार-सहा तासांत ती जास्तीत जास्त असते. सकाळी दहाला पोटभर खाल्लेली कोंबडी दुपारी तीनला, म्हणजे ऊन डोक्यावर असतानाच, आतूनही पेटलेली असते. म्हणून खाद्य पहाटे साडेचार-पाचला द्यावे, नऊ-दहाला भांडी वर टांगावीत आणि पाच वाजल्यानंतर, ऊन उतरल्यावर, पुन्हा खाली सोडावीत. रात्री दिवे ठेवून दहा-अकरापर्यंत खाऊ द्यावे. वजन घटेल अशी भीती अनेकांना वाटते. पण दुपारी समोर खाद्य असले तरी कोंबडी धड खात नाही, आणि जी खाते ती मरते.

संध्याकाळी भांडी सोडताना एक काळजी. भुकेले पक्षी एकदम तुटून पडतात, एकमेकांवर चढतात, त्या चेंगराचेंगरीतही काही जातात. सगळी भांडी भरभर, एकाच वेळी खाली यावीत.

सिल्लोड-कन्नडकडे घरचा मका असतो, म्हणून उन्हाळ्यात काही जण कंपनीच्या खाद्यात मक्याचा भरडा वाढवतात. ते करू नये. कोंबडी आधीच कमी खाते, त्यात नुसता भरडा वाढला की प्रथिने आणि क्षार आणखी कमी पडतात. उलट उन्हाळ्यात थोड्या खाद्यात सगळे मिळायला हवे. लेअरला संध्याकाळच्या खाद्याबरोबर शिंपल्याचा चुरा द्यावा. कवच रात्री बनते, त्या वेळी चुना पोटात असलेला बरा.

व्हिटॅमिन सी उन्हाळ्यात उपयोगी पडते. साधारण एक किलो खाद्याला २५० मिलिग्रॅम हे प्रमाण सांगितले जाते. इलेक्ट्रोलाइटची पावडर पाकिटावरच्या प्रमाणात, सकाळच्या पाण्यात, ऊन चढायच्या आधी द्यावी. पक्षी पडायला लागल्यावर दिलेल्या पावडरीचा फारसा उपयोग होत नाही. घरगुती मीठ-साखरेचे पाणी अंदाजाने करू नये, मीठ जास्त झाले तर कोंबडीला विषबाधा होते. खाण्याचा सोडा कवचासाठी देतात, पण तो कोणाला, किती आणि किती दिवस, हे पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावे.

गर्दी कमी करणेही तितकेच गरजेचे. हिवाळ्यात एका पक्ष्याला एक चौरस फूट चालते, उन्हाळ्यात सव्वा ते दीड धरावा. तुसाचा थर दोन इंचच ठेवावा, जाड थर गादीसारखा तापतो. लस द्यायची तर भल्या पहाटे. पाण्यातून लस देताना त्या पाण्यात ब्लिचिंग किंवा क्लोरीन नसावे. पक्षी पकडणे, गाडीत भरणे, वजन करणे ही कामे रात्री किंवा पहाटे करावीत. दुपारी बाराला गाडी भरायला येणाऱ्याला परत पाठवले तरी चालेल.

पिल्लांचे उलटे गणित

पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. त्यामुळे मेमध्ये दुपारी ब्रूडरचे बल्ब बंद ठेवावे लागतात आणि पहाटे गारवा आला की पुन्हा लावावे लागतात. ‘उन्हाळा आहे, बल्ब कशाला’ म्हणून रात्रभर बंद ठेवले तर पिल्ले गोळा होऊन एकमेकांखाली दबून मरतात. पिल्ले बल्बखाली गर्दी करत असतील तर थंडी वाजते आहे, कडेला पळून चोच उघडत असतील तर उकडते आहे. मापक यंत्रापेक्षा पिल्लांचे वागणे पाहावे.

परसातल्या कोंबड्या

दहा-वीस गावरान, गिरिराज किंवा वनराज पाळणाऱ्या घरांत मरतूक कमी होते, कारण कोंबडी स्वतः सावली शोधते, मातीत अंग घुसळते. अंगावर पिसे कमी असलेल्या, उघड्या मानेच्या कोंबड्या उन्हाला आणखी टिकाव धरतात. घात होतो तो पत्र्याच्या खुराड्यात दुपारी कोंडल्याने. मुंगूस किंवा कुत्र्याच्या भीतीने कोंडायचे असेल तर कडुनिंबाखाली डालगं ठेवावे, वर ओले गोणपाट टाकावे, आत पाण्याची थाळी ठेवावी. थाळीत दोन दगड टाकावेत म्हणजे पिल्ले बुडत नाहीत. अंडी दिवसातून तीन-चार वेळा गोळा करावीत. खुडूक कोंबडी ऐन मेमध्ये बसवायची असेल तर अंडी ताजीच घ्यावीत, उन्हात आठवडाभर पडलेली नकोत. तोपर्यंत ती माठाखालच्या ओल्या वाळूजवळ, गार जागी ठेवावीत.

पक्षी पडायला लागले तर

दुपारी बारा ते चार शेडमध्ये कोणी तरी असलेच पाहिजे. त्याने आत हळूहळू चालत राहावे. बसलेले पक्षी उठले की त्यांच्या अंगाखाली कोंडलेली उष्णता मोकळी होते. ओरडू नये, पळवू नये. मान टाकून पडलेला पक्षी सावलीत न्यावा, मान वर धरून त्याचे अंग मानेपर्यंत साध्या पाण्यात बुडवावे, पाय आणि पंखांखाली ओले करावे, मग वाऱ्यावर ठेवावे. चोच उघडून घशात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. शुद्धीवर आला की स्वतः पितो.

मेलेले पक्षी उष्णतेनेच गेले का, हे पाहणे गरजेचे आहे. उष्माघातात मरतूक दुपारी आणि संध्याकाळी होते, जाड पक्षी आधी जातात आणि रात्री गारवा आला की थांबते. पहाटेही पक्षी मरत असतील, हिरवी हगवण, मान वाकडी होणे, तुरा किंवा डोके सुजणे, नाकातून स्राव असे काही दिसत असेल तर ते ऊन नाही. मानमोडी किंवा बर्ड फ्लूसारखा रोग असू शकतो. अशा वेळी मेलेला पक्षी पिशवीत घालून फिरवू नये, शेजाऱ्याच्या शेडमध्ये जाऊ नये, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. मेलेले पक्षी नाल्यात किंवा रस्त्याच्या कडेला टाकण्याची सवय अजून गेलेली नाही. तीन फूट खोल खड्डा, वर चुना, वर माती, एवढे कुत्री उकरणार नाहीत इतके दाबून करावे. रोजचा आकडा वहीत लिहावा आणि करारावर पाळत असाल तर त्याच दिवशी कंपनीच्या सुपरवायझरला फोटोसह कळवावा.

सल्ल्यासाठी गांधेली आणि पैठण रोडवरची कृषी विज्ञान केंद्रे आहेत, शहरात पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रही आहे. तिथे जायचे तर फेब्रुवारीत जावे, मेमध्ये शेड सोडून जाता येत नाही.

वळवाचा पहिला पाऊस पडला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात, पण त्यानंतरचे दोन-चार दिवस फसवे असतात. पारा ३७-३८ वरच असतो आणि हवा दमट होते. त्या दिवसांत फॉगर बंद ठेवावा, पंखे चालू ठेवावेत, भिजलेले गोणपाट काढून वाळवावे आणि ओले तूस खरडून टाकावे. ओल्या तुसात रक्ती हगवण पसरायला वेळ लागत नाही.